सुई आणि दुधाचा डबा

ज्या सुईनं माझं वाटोळं केलं, तिला आमच्या तालमीत खुराक म्हणायचे. बदाम, तूप, थंडाई, दूध आणि ती. कुणी तिला व्यसन म्हटलं असतं तर आम्ही त्याच्या अंगावर धावून गेलो असतो, कारण आम्ही सगळे निर्व्यसनी होतो.

माझं नाव रणजित. वय सव्वीस. गाव खटाव तालुक्यात, औंधच्या पुढं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पैलवान होतो. आता नाही, आणि पुन्हा होणारही नाही. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडम मला अधूनमधून तालमीत नाहीतर सैन्यभरतीच्या अकॅडमीत बोलायला नेतात. बोलणं संपलं की पोरं पांगतात आणि मागं एखादा बाप घुटमळत उभा राहतो. सगळे पांगले की तो विचारतो, "पोरगं सुई घेतंय हे आमाला कळायचं कसं?" ते उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. इंजेक्शनचं नाव देणार नाही. ज्याला घ्यायचंय त्याला माझ्या मदतीची गरज नाही. तालमीचंही नाव देणार नाही, कारण तिथं आज शिकणाऱ्या पोरांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

डबा

आमचं रान कोरडवाहू. तिकडं कराडच्या अंगाला उसाचे मळे, इकडं आमच्याकडं ज्वारी आली तर आली. अशा ठिकाणी म्हैस पाळणं म्हणजे वैरणीसाठी दारोदार हिंडणं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते माझ्यासाठी केलं. तरुणपणी ते स्वतः कुस्ती खेळायचे. गुडघा गेला आणि त्यांची कुस्ती संपली. मला त्यांनी पंधराव्या वर्षी कराडशेजारी, मलकापूरजवळच्या एका तालमीत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून म्हशीचं सगळं दूध माझं झालं.

सगळं म्हणजे सगळं. पहाटे धार निघायची. आई दूध तापवून तीन लिटरच्या डब्यात ओतायची आणि झाकणावरून जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधायची. आण्णा तो डबा फाट्यावर नेऊन कराड गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचे, आणि मी कराडच्या स्टँडवर घ्यायला उभा असायचो. तालमीतल्या निम्म्या पोरांचे डबे असेच एसटीनं यायचे. कुठल्या गाडीत कुणाचा डबा, हे कंडक्टरांना पाठ असायचं. रिकामा डबा दुपारच्या गाडीनं माघारी. नऊ वर्षं हे चाललं. म्हैस आटली तर आण्णा शेजाऱ्याचं दूध लावायचे, पण डबा यायचाच.

घरात कोरा चहा. पाहुणा आला तर आई शेजारून वाटीभर दूध मागून आणायची. दावणीला म्हैस असताना दूध मागत फिरते म्हणून बायका हसायच्या. "पैलवानाचं हाय ते," एवढंच ती म्हणायची. हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही, याची आज लिहिताना लाज वाटते.

शपथेत नसलेली गोष्ट

एकविसाव्या वर्षी माझा खांदा निखळला. सहा महिने मातीपासून लांब होतो. परत उतरलो तेव्हा अंगात दम उरला नव्हता. माझ्याहून तीन वर्षांनी लहान पोरानं मला दोन मिनिटांत चितपट केलं. आण्णा मैदानावर होते. पुढच्या आठवड्यात डब्याबरोबर येणारी बदामाची पुडी दुप्पट झाली, आणि ती बघून मला रडू आलं.

सुहास माझा जोडीदार. एकाच खोलीत राहायचो. त्यानं मला पुडी हातात धरून बसलेलं बघितलं.

"बदामानं दम येत न्हाई गड्या," तो म्हणाला. "दम यायची वस्तू येगळी हाय."

"नशा हाय का?"

"नशा कसली? औषध हाय. आपरेशनच्या टायमाला पेशंटचं बीपी पडलं की डॉक्टर देत्यात. वास न्हाई, झिंग न्हाई. खुराकच समज की."

लहानपणी आण्णांनी मला यमाईच्या देवळात उभं करून शपथ घ्यायला लावली होती. दारू, तंबाखू, गुटखा, विडी, कशाला शिवणार नाही. सुहास बोलत होता आणि मी मनातल्या मनात ती शपथ पुन्हा म्हणून बघत होतो. इंजेक्शन तिच्यात नव्हतं. मी हात पुढं केला.

खोटं कशाला सांगू, पहिले काही महिने झकास गेले. जोर मारताना दमायचो नाही, भूक नाही, झोपेची गरज नाही. पाठोपाठ कुस्त्या मारल्या. गावातल्या पोरांनी फाट्यावर माझा फ्लेक्स लावला. त्यावर मी दंड थोपटून उभा, आणि खाली ठळक अक्षरांत 'निर्व्यसनी मल्ल'. आण्णा रोज त्या फ्लेक्सखाली गाडीची वाट बघत डबा घेऊन उभे राहायचे.

आधी फक्त कुस्तीच्या दिवशी घ्यायचो. मग सरावाच्या दिवशी. मग सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी. पहिल्याइतकं पुरेना, म्हणून वाढवत गेलो. एखाद्या दिवशी मिळालं नाही तर अंग शिशासारखं जड व्हायचं आणि मन इतकं काळवंडायचं की भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो. यालाच व्यसन म्हणतात हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. व्यसन म्हणजे झोकांड्या खाणारा माणूस, एवढीच आमची समज. मी तर सरळ चालत होतो.

हातावर डाग पडायला लागले. पैलवानाचं अंग उघडं, झाकायचं कसं? पण आखाड्यात उतरताना आम्ही अंगाला माती चोळतो. ती माती डागांवर बसायची. वस्तादांना कळत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तालमीत दहा पोरांचा दम एकाएकी वाढला, तर वस्ताद हनुमानाला नारळ फोडतो. तेवढं त्यांनी केलं.

दुधाला वास

आता बापांसाठी सांगतो, कळायचं कसं ते. पोरगं झोपत नाही. भूक मरते. हात थरथरतात. चिडचिड वाढते, पूर्ण बाह्यांचे शर्ट अंगावर येतात, बदामाला पाठवलेले पैसे संपतात आणि बदाम दिसत नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे संशय. ज्यानं कधी कुणावर संशय घेतला नाही, त्याला सगळे वैरी वाटायला लागतात.

मला आधी वाटलं, खोलीतले माझ्या मागं माझ्याबद्दल बोलतात. मग वाटलं, समोरच्या टपरीवरचा माणूस माझ्या येण्याजाण्यावर नजर ठेवतो. मग एके दिवशी डब्यावरची गाठ मला वेगळी दिसली. रोज उजवीकडं असते, आज डावीकडं कशी? झाकण उघडलं तर दुधाला वास आला. कशाचा, ते सांगता येईना, पण वास होता. ते दूध मी गटारात ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. रोज ओतायला लागलो. रिकामा डबा मात्र वेळेवर परत जात होता, त्यामुळं घरी पत्ता नाही.

दर गुरुवारी आण्णा स्वतः यायचे. असेच एका गुरुवारी आले, डबा ठेवला, झाकण काढलं. मी सगळ्या पोरांदेखत ओरडलो, "काय घालताय ह्यात? कुणी सांगितलंय तुमाला?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग डब्यात वाकून वास घेतला.

"तापवून आणलंय रं," ते म्हणाले. "नासलं का काय?"

त्यांना वाटलं, मी दूध खराब झालंय म्हणतोय. ते डबा घेऊन तसेच परत गेले. आईनं नंतर सांगितलं, त्या दिवसापासून त्यांनी डबा तीन-तीन वेळा राखेनं घासून उन्हात वाळवला. म्हशीची पेंड बदलली. कडू पाला खाल्ला असेल म्हणून तिला बाहेर सोडणं बंद केलं. गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं सांगितलं म्हैस ठणठणीत आहे, तर आण्णांनी दुसरा डॉक्टर आणला. पोरगं बिघडलं असेल हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. महिनाभर ते दोष म्हशीत शोधत होते.

निदानाचा दिवस

पौषात माण तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत माझी कुस्ती होती. सकाळी सुई घेतली होती, आणि मैदानाला जाताना पुन्हा. हलगी कडाडत होती. सलामीला हात पुढं केला, आणि समोरच्याचा चेहरा हलायला लागला. छातीत कुणीतरी आतून लाथा घालत होतं. त्या पोरानं मला हातही लावला नव्हता, तरी मी पडलो. लोकांना वाटलं नाटक आहे. शिट्ट्या वाजल्या.

जवळच्या दवाखान्यात उजव्या हाताला सलाईन लावलं आणि तसंच गाडीत घालून सांगलीच्या मोठ्या रुग्णालयात आणलं. अंगावर माती तशीच. आण्णा शेजारी उभे, हातात माझा शर्ट. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "काही घेतोस का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"अवो डॉक्टर, सुपारीचं खांड बी खात न्हाई त्यो," आण्णा म्हणाले. त्या अवस्थेतही त्यांची मान ताठ होती.

डॉक्टरनं वाद घातला नाही. ओला बोळा घेतला, माझा डावा हात मांडीवर ठेवला आणि कोपराच्या आतल्या बाजूची माती पुसायला लागला. एक बोळा मातीनं लाल झाला, दुसरा घेतला. माती निघाली तसे डाग दिसायला लागले. जुने, नवे, काळे पडलेले. आण्णा वाकून बघत होते.

"ही सलाईन कवा लावली?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटून घेतले. माझ्या निदानाचा क्षण हाच. पुढचे सगळे रिपोर्ट त्यानंतरचे.

दुसऱ्या दिवशी इको काढला. हृदय ताणून ढिलं पडलंय, रक्त नीट ढकलता येत नाही, असं कळलं. मग मनोविकार विभागातल्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी आण्णांना खुर्चीवर बसवलं आणि सावकाश समजावलं. हे औषध डॉक्टरच्या हातात औषध आहे, तालमीत ते विष आहे. याची सवय लागते, मेंदूला त्याच्याशिवाय चालेनासं होतं. हा आजार आहे. पोराला धाक घालून किंवा शपथ घालून तो जाणार नाही. आण्णांनी डब्यावरून झालेला प्रकार सांगितला, तेव्हा म्हणाल्या, संशय येणं हासुद्धा त्याच आजाराचा भाग आहे, दुधात विष असल्यासारखं वाटणं त्यातूनच आलं.

आण्णा म्हणाले, "म्हंजी दूध चांगलं हुतं म्हणा."

"दूध चांगलंच होतं, काका."

"म्हशीला उगा बोल लावला म्या," ते म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

वॉर्ड

पहिले चार दिवस मी झोपलो. जागा झालो की मरण आलं तर बरं, असं वाटायचं. हेही लिहितो, कारण सुई सोडणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसांत असं वाटू शकतं. ते वाटणं औषधानं आणि दिवसांनी ओसरतं, पण तेवढे दिवस माणसाला एकटं ठेवू नये. तोंडानं सांगावं, "मला मरावंसं वाटतंय." मी सांगितलं. सिस्टरनी माझी खाट त्यांच्या टेबलासमोर घेतली. मोठा काही उपाय नव्हता तो, पण मला धीर आला.

संशय मात्र झोपेनं गेला नाही. रुग्णालयातलं जेवण नको, चहा नको, गोळ्या नकोत. सुई बघितली की मात्र हात आपोआप पुढं. सिस्टर म्हणायच्या, "बघा बाई, सुई म्हटलं की नवरदेव तयार." तेव्हा राग यायचा, आता हसू येतं.

शेजारच्या खाटेवर मानेकाका होते. म्हसवडकडचे, सैन्यातून निवृत्त, दारूसाठी तिसऱ्यांदा दाखल. मी म्हणालो, मी तुमच्यासारखा दारुडा नाही. ते म्हणाले, "माझी बरी रं. माज्या बायकूला वास यायचा, ती दाराला कडी घालायची. तुज्या बापाला कसला वास येणार? त्येनं नऊ वरीस सापाला दूध पाजलं." मी रागानं उठून बसलो. मग ते म्हणाले, "तू साप न्हवं, गड्या. साप त्या बाटलीत हुता. पडून ऱ्हा."

सुहासची आणि माझी सुई कधी कधी एकच असायची. त्यामुळं एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी दारातून येणाऱ्या प्रत्येक सिस्टरच्या हातातले कागद बघत होतो. रिपोर्ट चांगले आले. सुहासला मी फोन करून तपासायला सांगितलं. तो आधी चिडला, मग रडला, मग गेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही कुणीतरी खुराकच म्हणून सांगितलं होतं.

आण्णा खाटेखाली चटई टाकून राहिले होते. मी पडल्यापासून त्यांनी मला पैलवान म्हणणं सोडलं होतं, नावानं हाक मारायचे. आई गावाकडं, कारण म्हशीची धार चुकवता येत नाही. तिनं फाट्यावर जाऊन रोजच्या कंडक्टरला एवढंच सांगितलं, की पोरगं सांगलीला दवाखान्यात आहे. त्या भल्या माणसानं कराडच्या स्टँडवर डबा सांगली गाडीच्या कंडक्टरकडं द्यायला सुरुवात केली. काय झालंय, किती दिवस, काही विचारलं नाही. आण्णा सांगली स्टँडवर जाऊन डबा आणायचे आणि माझ्यासमोर ठेवायचे. मी तोंड फिरवायचो.

मॅडमनी त्यांना बजावलं होतं, "त्याच्याशी वाद घालू नका. दूध चांगलं आहे असं पटवायला जाऊ नका. खोटंही बोलू नका. फक्त शेजारी बसा."

दोन दिवस ते शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिंधी सोडली, झाकणात थोडं दूध ओतलं आणि माझ्यासमोर स्वतः प्यायले. पिऊन झाल्यावर जरा थांबले. मिशीला लागलेली साय पुसली. त्यांच्या चेहऱ्यावर नवल उमटलं.

"गोड हाय की," ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच.

नऊ वर्षांत त्यांनी पहिल्यांदा त्या दुधाची चव घेतली होती. मला ते तेव्हा कळलं नाही. मी काय विचार केला सांगू? वरवरचं प्यायले, विष तळाला बसलं असेल. मी तसं बोललोही. आण्णांनी झाकणानं दूध ढवळलं, तळातलं काढलं आणि तेही प्यायले. मग डबा बंद केला आणि मानेकाकांना व सिस्टरना दूध वाटून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मॅडमनी औषधं चालू ठेवली होती, आधी जबरदस्तीनं, मग मी स्वतः घ्यायला लागलो. कुठल्या दिवशी संशय गेला ते सांगता येत नाही. तो हळूहळू विरळ झाला. बाराव्या दिवशी आण्णांनी झाकण खाली ठेवलं आणि मी ते उचललं. एक घोट घेतला. मानेकाका पलीकडून म्हणाले, "घे रं घे, आमच्या वाटचं कमी झालं तरी चालंल." आण्णा खिडकीकडं तोंड करून उभे होते.

घरातलं भांडण

तेराव्या दिवशी आई आली. मला बघून ती रडली नाही. माझ्या हाताची बाही वर केली, डाग बघितले, बाही खाली केली. मग आण्णांकडं वळली.

"तुमाला कुस्ती पायजे हुती, त्येला न्हाई," ती म्हणाली. "तुमचा गुडघा मोडला म्हून माजं लेकरू मोडलं."

सगळा वॉर्ड ऐकत होता. आण्णा म्हणाले, "व्हय." एवढंच. ती तोडून बोलली, पण खोटं बोलली नाही, आणि पूर्ण खरंही बोलली नाही. कुस्ती मलाही हवी होती. हरायला मला लाज वाटायची, त्या लाजेवर मी सुई शोधली. ते मी दोघांनाही सांगितलं. त्यानंतर महिनाभर घरात ती दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होती. आजार माझा होता, अबोला त्यांच्यात आला. हा आजार एकट्याच्या अंगावर कधीच राहत नाही.

घरी आलो तेव्हा फाट्यावरचा फ्लेक्स नव्हता. आण्णांनी तो स्वतः उतरवला होता. टाकून दिला नव्हता, गोठ्यावर गळत होतं तिथं आतून ताणून बांधला होता. धार काढायला बसलं की डोक्यावर मी, दंड थोपटून, उलटा. पहिल्या दिवशी आम्ही दोघं वर बघून एकदमच हसलो.

पुन्हा एकदा

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. चार महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, माझ्या वयाच्या पोरानं मोठी कुस्ती मारल्याचा व्हिडिओ मोबाईलवर आला. मी कामाचं निमित्त काढून कराडला गेलो आणि घेतली. एकदाच. पण एकदाच असं काही नसतं, हे सुई आत जाताना मला माहीत होतं. ढिलं झालेलं हृदय असं उडायला लागलं की स्टँडच्या बाकड्यावर बसून मी आईचं नाव घेत होतो. थोड्या वेळानं धडधड कमी झाली. तिथून मी थेट दवाखान्यात जायला हवं होतं. गेलो नाही, घरी आलो. तुम्ही असं करू नका.

त्या दिवशी कुणाला बोललो नाही. सकाळी आण्णा धार काढत होते. मी गोठ्याच्या दारात उभा राहिलो.

"आण्णा, काल घेतली."

चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. ते मागं वळले नाहीत. मग धार पुन्हा सुरू झाली, पुरी होईपर्यंत चालली. ते उठले, घरात गेले, दूध तापवून घेतलं, पेल्यात ओतलं. माझ्यासमोर येऊन पहिला घोट त्यांनी घेतला आणि पेला माझ्या हातात दिला.

"पी. मग सांगलीची गाडी गाठू," ते म्हणाले. "ह्या बारीला तू सोता सांगितलंस, लय झालं."

मी दोन आठवडे पुन्हा दाखल राहिलो. मॅडमनी सांगितलं, पाय घसरणं हाही या आजाराचा भाग आहे, ते लपवणं घातक. माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर एवढं तरी घ्या. घसरलात तर त्याच दिवशी सांगा. आणि सांगितल्यावर ज्यानं तुम्हाला मारलं नाही, त्याचा हात सोडू नका.

आज

त्याला दीड वर्ष झालं. सुई नाही. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, मागच्या इकोत थोडी सुधारणा दिसली. चढ चढताना धाप लागते. मातीत उतरायचं नाही, हे ठरलेलं. आजही हलगी वाजायला लागली की ती थांबेपर्यंत मी आईजवळ जाऊन बसतो. आई-आण्णा बोलायला लागलेत, म्हणजे भांडायला लागलेत, पूर्वीसारखे.

सकाळचं एक मात्र बदललं नाही. दूध तापलं की आण्णा पेला घेऊन ओसरीवर येतात, पहिला घोट स्वतः घेतात, मिशी पुसतात आणि मग पेला मला देतात. रोज. मला ते रोज टोचायचं. वाटायचं, मी दिलेली शिक्षा ते अजून भोगतायत. परवा मी धीर करून बोललो.

"आण्णा, आता कशापायी आधी पिताय? माझ्या मनात कायबी ऱ्हायलं न्हाई. खरंच."

ते चोरी पकडल्यासारखे लाजले.

"तुज्यासाठी न्हाई रं पीत आता," ते म्हणाले. "मला आवडाया लागलंय."

मी आत गेलो आणि दुसरा पेला घेऊन आलो.